नागपुरात डोंगरी झाडं जगवायची की जुनं हर्बेरियम वाचवायचं?

नमस्कार मॅडम,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नागपुरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवता. चिखलदरा, पचमढी आणि एकदा उत्तराखंडच्या सहलीतून आलेली रोपं विभागाच्या बागेत हिरव्या जाळीखाली लावली, दिवसातून तीनदा पाणी घातलं, तरी मे संपेपर्यंत एकही उरलं नाही. दुसरीकडे विभागात जुन्या हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं, एक कपाट आहे. त्यात असे अंदाजे चारशे कागद, म्हणजे शीट्स आहेत, काहींना कीड लागली आहे, काहींवर बुरशी आहे. यंदा मिळालेल्या थोड्याशा निधीत डोंगरी वनस्पतींचा कोपरा पुन्हा उभारावा, कपाट दुरुस्त करावं, की प्राचार्य म्हणतात तसं ते काढूनच टाकावं, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर आधीच सांगतो: कपाट आधी, कोपरा नंतर, आणि कोपराही वेगळ्या झाडांचा. डोंगर नागपुरात आणायचा असेल तर तो वाळलेल्या नमुन्यांतून जास्त खरा येतो, असं माझं इतक्या वर्षांच्या कामानंतरचं ठाम मत आहे. काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. कपाटाची खोली कुठल्या मजल्यावर आहे, माळी कायमचा आहे की रोजंदारीचा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बागेकडे कोण बघतं, हे मला ठाऊक नाही. त्यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "कोणी नाही" असेल, तर बागेवरचा खर्च एका सुट्टीत वाया जाईल.

आता रोपं का गेली ते बघू. दिवसाच्या उन्हाला आपण सगळेच घाबरतो, म्हणून जाळी लावतो. पण डोंगरी झाड नागपुरात मरतं ते बहुतेक वेळा रात्री. दिवसा पान अन्न तयार करतं आणि रात्रंदिवस श्वसनात ते खर्च करतं. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मे अखेरच्या नवतपाच्या दिवसांत आपल्याकडे पहाटेसुद्धा पारा २८-३० च्या खाली उतरत नाही. थंड रात्रींची सवय असलेलं झाड अशा वेळी दिवसभराची कमाई रात्रीत उडवतं आणि मग मुळात-खोडात साठवलेल्यातून खाऊ लागतं. महिनाभरात साठा संपतो. वरून झाड हिरवं दिसत असतं, आणि एका सकाळी मान टाकतं.

उंचीचा हिशेब मुलांना फळ्यावर मांडून दाखवण्यासारखा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे चिखलदऱ्याचं झाड इथे आणलं की त्याला पाच अंश जास्त सोसावे लागतात. हे कठीण आहे, पण काही झाडांना जमतं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ ३७०० ते ४६०० मीटरवर वाढतं, तिथला फरक २२ ते २८ अंशांचा पडतो. कुठलीही जाळी हा फरक भरून काढत नाही.

तीनदा पाणी घालण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, रागावू नका. तापलेल्या काळ्या पिशवीत सतत ओली राहणारी माती म्हणजे मुळांसाठी बंद खोली. ओलाव्याने हवा निघून जाते, उष्णतेने मुळांना हवेची गरज वाढलेली असते, आणि कुजवणाऱ्या बुरशीला हेच हवं असतं. त्यात आपली काळी कपाशीची माती अल्कधर्मी, आणि बोअरचं पाणी जड. बुरांशसारख्या (हिमालयातलं ऱ्होडोडेंड्रॉन) झाडाला आम्लधर्मी माती लागते. आपल्या मातीत लोह असूनही त्याला ते घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तुम्ही लिहिलेली "पिवळी पडून गळाली" ही लक्षणं बहुधा हीच असावीत.

मोठ्या उद्यानांनी या अडचणीवर दोन रस्ते काढले. आपल्या देशातला रस्ता साधा होता: डोंगरावरच बाग करायची. उटीची बाग १८४८ ची, सुमारे २२४० मीटरवर. दार्जिलिंगची लॉईड बाग १८७८ ची, ती सुमारे २००० मीटरवर. क्विनाइन देणाऱ्या सिंकोनाची लागवडसुद्धा रुजली ती निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरात. दुसरा रस्ता लंडनच्या क्यू उद्यानाचा. तिथलं डेव्हिस अल्पाइन हाऊस, म्हणजे उंच डोंगरावरच्या झाडांचं काचघर, २००६ मध्ये उघडलं. काचेच्या उंच कमानीतून गरम हवा वर निघून जाते आणि जमिनीखालच्या काँक्रीटच्या भुयारी वाटांतून गार झालेली हवा झाडांवर सोडली जाते. लंडनसारख्या थंड गावात एवढा खटाटोप करावा लागतो. आणि तरीही ती झाडं तिथे बारा महिने राहत नाहीत. मागच्या रोपवाटिकेत ती सांभाळतात, फुलावर आली की पुढे मांडतात, फुलं सरली की परत नेतात. आपल्याला उचलण्यासारखी गोष्ट हीच आहे: मांडणीची जागा आणि सांभाळण्याची जागा वेगवेगळी.

"मग शेडनेटला कूलर लावला तर?" हा प्रश्न नागपुरात प्रत्येक जण विचारतो. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, तेव्हा ओल्या जाळ्या आणि पंख्याने खूप फरक पडतो. पण मृगाचा पाऊस लागला की हवेत आधीच इतकी वाफ असते की कूलर गारवा देत नाही, फक्त दमटपणा देतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने त्या खोलीत झाडं उकडतात आणि कुजतात. शिवाय भर मे महिन्यात एक दुपार वीज गेली तरी वर्षभराची मेहनत संपते. हे माझ्या हातून झालं आहे. पचमढीच्या एका ओढ्याकाठचा नेचा (फर्न) मी परवानगीने आणून दोन वर्षं जगवला होता आणि तो एका दुपारी गेला. तेव्हापासून मी तो मार्ग सोडला.

कोपरा करायचाच असेल तर जी झाडं उन्हाळा जमिनीखाली झोपून काढतात ती निवडा. सातपुड्याच्या कुरणांत आणि कड्यांवर अशी कितीतरी आहेत: रानहळद, सफेद मुसळी, कळलावी, कंदीलपुष्पाच्या काही जाती. पावसाबरोबर उगवतात, पोळ्याच्या सुमाराला फुललेली असतात, दिवाळीनंतर पानं वाळवून कंदात जातात. पानं वाळली की पाणी बंद करा, अगदी पूर्ण. कुंड्या सावलीत, भिंतीच्या उत्तर बाजूला, वाळूत गळ्यापर्यंत पुरून ठेवा. मातीची कुंडी वाळूत पुरण्याची ही पद्धत अल्पाइन हाऊसमध्येही वापरतात, आणि वाळूमुळे कुंडी उन्हाने लवकर तापत नाही. आणखी एक काम नक्की करा: प्रत्येक कुंडीवर "आत कंद आहे, रिकामी नाही" अशी पत्र्याची पट्टी लावा. पहिल्या वर्षी माझ्या अकरा कुंड्यांमधली माती माळ्याने झेंडूसाठी वापरली होती. त्याची चूक नव्हती, मी लिहिलंच नव्हतं. ही झाडं कुंडीत वाढवलेल्या रोपांपासूनच घ्या. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून एक पानही विनापरवानगी उचलता येत नाही. मेळघाटाला हे लागू आहे आणि उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीलाही. मुलांना सहलीच्या आधीच हे सांगायला हवं.

आता कपाटाकडे येतो.

एका कॉलेजात मी असंच कपाट जाताना बघितलं आहे. रंगरंगोटी निघाली, कपाट रिकामं करायला सांगितलं आणि गठ्ठे रद्दीवाल्याकडे गेले. मला कळलं तेव्हा दोनच गठ्ठे मिळाले. त्यातली एक शीट अजून डोळ्यांसमोर आहे. पचमढीचा एक नेचा. पानाच्या मागच्या बाजूला बीजाणूंचे ठिपके जसेच्या तसे, ओळीत मांडलेले, भिंग लावलं तर मोजता येतील असे. लेबलवर निळ्या-काळ्या शाईत लिहिलेलं: धूपगडच्या वाटेवर, ओढ्याच्या उजव्या काठाला, ओल्या खडकावर, सावलीत. तारीख नव्हती. पण नमुना चिकटवताना खालचा जुना कागद काढलेला नव्हता, नागपूरच्याच एका दैनिकाचा तुकडा होता तो, आणि त्यावरची एक बातमी १९६० च्या दशकातली निघाली. म्हणजे नमुना त्याच्या आधी दाबलेला नाही, एवढं तरी पक्कं झालं. उद्या कुणी त्या ओढ्याकाठी गेलं आणि नेचा नसेल, तर तो तिथे होता याचा पुरावा म्हणजे हा एक कागद. कपाट वाचवण्यासाठी मी इतका आग्रह धरतो तो म्हणून.

प्राचार्यांना पटवून द्यायचं असेल तर हिमालयातलं एक उदाहरण द्या. ब्रह्मकमळाच्या कुळातलीच सॉसुरिया लॅनिसेप्स नावाची वनस्पती औषधासाठी तोडली जाते, आणि तोडणारे मोठी फुललेली झाडं निवडतात. संशोधकांनी शंभराहून अधिक वर्षांतले हर्बेरियम नमुने मोजले, तेव्हा दिसलं की ही वनस्पती काळानुसार बुटकी होत गेली आहे. त्यामानाने कमी तोडल्या जाणाऱ्या तिच्या नात्यातल्या वनस्पतीत तसा बदल दिसला नाही. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी ते नमुने दाबून ठेवले, त्यांना असं काही मोजलं जाईल याची कल्पनाही नसणार.

कामाला लागण्यापूर्वी सुरक्षिततेचं बघा. जुन्या शीट्सना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास होती. ते विष आहे आणि कागदात दशकानुदशकं राहतं. कागदावर झाडाभोवती राखाडी-काळपट सावली दिसली तर तेच समजा, आणि नाही दिसली तरी आहे असं धरूनच वागा. नायट्राइलचे हातमोजे, चांगला मास्क, खिडक्या उघड्या, त्या टेबलावर चहा-डबा नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना या कामाला लावू नका. आणि बुरशी घालवायची म्हणून या शीट्स कधीही गरम करू नका, ओव्हन नाही आणि इस्त्रीही नाही. उष्णतेने पाऱ्याची वाफ निघते.

मग दुरुस्तीच्याही आधी फोटो. साध्या मोबाईलने, वरून, बाजूला पट्टी ठेवून, लेबल वाचता येईल असा प्रत्येक शीटचा एक फोटो. बर्लिनचं हर्बेरियम १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं तेव्हा अमूल्य नमुने गेले, पण युद्धाच्या आधी एका अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथल्या हजारो नमुन्यांचे फोटो काढून ठेवले होते. आजही लोक त्यांच्यावर काम करतात. चारशे शीट्सचं हे काम दोन माणसांना चार दिवसांचं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

कीड मारण्यासाठी डांबरगोळ्यांवर विसंबू नका. त्यांच्या वासाने किडा फार तर दूर राहतो, आत असलेला मरत नाही, आणि तो वास रोज घेणाऱ्या माणसाला अपाय होतो. कागदावर बारीक गोल छिद्रं आणि खाली तपकिरी भुकटी दिसत असेल तर तो बहुधा घरातल्या धणे-हळदीच्या डब्यात होतो तोच छोटा भुंगेरा. त्याला थंडीने मारायचं. निधीतला मोठा खर्च डीप फ्रीझरवर करा, उणे १८ ते २० अंशांपर्यंत जाणारा. दहा-पंधरा शीट्सचा गठ्ठा दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करा आणि दोन आठवडे आत ठेवा. आठवडाभरात काम होतं असं म्हणतात, पण छोटे फ्रीझर गठ्ठ्याच्या मध्यापर्यंत गारवा लवकर पोचवत नाहीत, म्हणून मी दोन आठवडे धरतो. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. हे सगळ्यांत जास्त चुकतं. ऑगस्टमधल्या नागपूरच्या हवेत गार शीट उघडी केली की मिनिटाभरात तिच्यावर दव बसतं, आणि किड्यापासून वाचवलेला नमुना तुम्ही बुरशीच्या हाती देता. नवीन आलेला प्रत्येक नमुनाही कपाटात जाण्याआधी याच वाटेने जाऊ द्या.

बुरशीसाठी आपला उन्हाळा हाच उपाय आहे. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की सावलीत, खिडकीजवळ शीट्स दोन दिवस सुट्या ठेवल्या तरी बुरशी निष्क्रिय होते. मग मऊ ब्रशने, घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून ती झाडायची. ओलं फडकं, डेटॉल, काहीही लावायचं नाही. मात्र या दिवसांत शीट्स ठिसूळ झालेल्या असतात, त्यामुळे एका हाताने उचलू नका, खाली पुठ्ठा सरकवूनच उचला.

आणि कपाटाच्या खोलीत कूलर कधीही नको. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. उन्हाळ्यात आपल्या प्रत्येक विभागात कूलर चालतो, आणि कोरड्या खोलीत पाण्याची वाफ भरण्याचं ते यंत्र आहे. शेजारच्या खोलीतला कूलर आणि उघडं राहिलेलं मधलं दार एवढ्याने एका जूनमध्ये आमच्या खालच्या दोन कप्प्यांवर पांढरी लव आली होती. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे, जमिनीपासून विटेवर उचललेलं, दारांना रबरी पट्टी लावलेलं असावं. आत एक आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ठेवा. आकडा ६५ टक्क्यांच्या वर जाऊ लागला की सिलिका जेलच्या पिशव्या बदला. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, म्हणून नारिंगी घ्या.

दुरुस्ती करताना सेलोटेप नको, तो पिवळा पडतो आणि नमुन्याला घेऊन सुटतो. सुटलेल्या फांद्या पांढऱ्या दोऱ्याने शिवा किंवा आम्लरहित कागदाच्या बारीक पट्ट्यांनी बांधा. गळलेली फुलं-बिया फेकू नका, कागदाच्या छोट्या पाकिटात घालून त्याच शीटवर चिकटवा. जुन्या लेबलवर काहीही खोडायचं नाही. नाव चुकीचं वाटलं तर नवीन चिठ्ठी लावा, तिच्यावर तुमचं नाव आणि तारीख घाला, जुनं तसंच राहू द्या. नाव पुढे बदलू शकतं. ठिकाण आणि तारीख मात्र एकदा हरवली की कुणालाही परत आणता येत नाही.

पुढच्या सहलीत मुलांकडून रोपांऐवजी नमुने करून घ्या, रीतसर परवानगी काढून, आणि जिथे झाडं भरपूर आहेत तिथूनच. फुलाचा रंग जागेवरच लिहायला लावा, कारण निळं फूल वाळल्यावर तपकिरी होतं. चिखलदऱ्याला ऑगस्टमध्ये दाबलेले नमुने काळे पडतात ते ओल्या हवेत वाळायला उशीर लागतो म्हणून. पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदलला आणि नमुने दाबायच्या प्रेसच्या थरांमध्ये नालीदार पुठ्ठे घालून खालून पंख्याची कोमट हवा दिली, तर हिरवेपणा बराच टिकतो. नमुना वाळला की नाही हे गालाला लावून बघा. गार लागला तर आत अजून ओल आहे.

मुलांचा ब्रह्मकमळाचा हट्ट तुम्ही शेवटी लिहिला आहे, त्याचं सांगतो. आपल्याकडे घरोघरी रात्री फुलतं आणि ज्याची पूजा होते ते ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याच्या फिकट होडीसारख्या पाकळ्या खरं तर पाकळ्या नाहीत, ती पानांचीच रूपं आहेत, आणि आतल्या जांभळ्या फुलांना थंडीत ऊब देतात. एपिफायलम नागपुरात सावलीत आनंदाने वाढतं, ते कोपऱ्यात लावा. कुठल्याही मोठ्या हर्बेरियमच्या डिजिटल संग्रहातून सॉसुरियाच्या शीटचं चित्र मोठं छापून त्या कुंडीमागच्या भिंतीवर लावा, खाली दोघांची कुळं आणि उंची लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये एपिफायलम फुलेल त्या रात्री मुलांना बोलवा. फ्रीझरची मागणी मात्र आत्ताच पाठवा, मृगाच्या आधी तो विभागात यायला हवा.